वाक्याच्या शेवटचं ‘नाही’

‘जग’ हा शब्द मोठ्याने म्हणा. मनात पृथ्वी आणि तिच्यावरची माणसं आली असतील, तर जीभ टाळूला लागली असेल. ‘शंभर वर्षं जग’ असा आशीर्वाद आला असेल, तर तीच जीभ दातांमागे टेकली असेल. अक्षरं तीच, उच्चार दोन! आता ‘माझा’ म्हणा आणि लगेच ‘माझी’ म्हणा. झ बदलला की नाही? ‘चमचा’ आणि ‘चमचे’ म्हणून बघा, शेवटचा च बदलतो. देवनागरीत याची कुठेही खूण नाही. तरी अर्थ डोक्यात उमटताच जिभेने जागा निवडलेलीसुद्धा असते!

आता अशी हजारो वाक्यं एका दमात मायक्रोफोनसमोर वाचायची आहेत असं समजा. जीभ कुठेतरी घसरणारच. मग ती घसरण पकडायची कुणी?

आवाजातलं पुस्तक म्हटलं की आपल्याला वाचणारा आठवतो. त्याच्या पाठीमागे आणखी एक माणूस असतो, ज्याचा आवाज आपण कधीच ऐकत नाही. मूळ पुस्तक समोर, हेडफोन कानावर, हातात पेन. काम एकच: शब्दन् शब्द ऐकायचा आणि चूक दिसली की वेळ टिपायची. ह्यू मॅग्वायर यांनी 2005 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून ‘लिब्रिवॉक्स’ सुरू केलं. जगभरातले हौशी वाचक तिथे कॉपीराइट संपलेली पुस्तकं फुकट वाचून देतात, आणि दुसऱ्या कुणा स्वयंसेवकाने पूर्ण ऐकल्याशिवाय ती बाहेर पडत नाहीत. पुण्यात अशा वाचून दिलेल्या पुस्तकांची गरज फार जवळची आहे. विश्रांतवाडीत मीरा बडवे यांनी 1996 मध्ये ‘निवांत अंध मुक्त विकासालय’ सुरू केलं, ते शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या दृष्टिहीन मुलामुलींसाठी. अशा मुलांसमोर पहिला प्रश्न असतो पुस्तकाचा. छापील पान उपयोगाचं नाही, मग कुणीतरी ते ब्रेलमध्ये उतरवायचं किंवा वाचून द्यायचं.

ऐकून चुका काढणं, यात काय अवघड? इथेच खरी गंमत सुरू होते, कारण आपला मेंदू चुका लपवतो.

रिचर्ड वॉरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1970 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दामधला एक ध्वनी त्याने कापून टाकला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. मग 20 जणांना विचारलं, एखादा ध्वनी गायब आहे का? 19 जण म्हणाले, काहीच गायब नाही. विसाव्याने गायब ध्वनी सांगितला, पण चुकीचा! जो आवाज टेपवर नव्हताच, तो सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला होता. मेंदू वाक्याचा रोख ओळखतो, गाळलेली जागा भरून टाकतो आणि भरल्याचा पत्ताही लागू देत नाही. रोजच्या बोलण्यात हे वरदानच आहे, नाहीतर लक्ष्मी रोडच्या गर्दीत दोन माणसं एकमेकांशी बोलूच शकली नसती. तपासणाऱ्याला मात्र याच वरदानाशी झगडावं लागतं. काय असायला हवं ते बाजूला ठेवून खरोखर काय आहे तेवढंच ऐकायचं!

डोळ्यांची वेगळीच तऱ्हा. मोठ्याने वाचताना डोळे आवाजाच्या दोन-तीन शब्द पुढे धावत असतात. जवळजवळच्या दोन ओळींत एकच शब्द आला, तर नजर वरच्या ओळीतून थेट खालच्या ओळीत उतरते आणि मधला मजकूर गळतो. हस्तलिखितं उतरवून काढणाऱ्या लेखनिकांचंही शतकानुशतकं हेच होत आलं. पुण्यातल्या भांडारकर संस्थेने 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तेव्हा शेकडो पोथ्या शेजारी-शेजारी ठेवून हे गळलेलं आणि घुसलेलं शोधावं लागलं. आवाजात तर उरलेलं वाक्य अनेकदा व्याकरणाने बरोबरच लागतं. समोर पुस्तक नसेल तर ही चूक सापडणं अशक्य.

मराठीचा सगळ्यात मोठा धोका मला वाटतो तो आपल्या वाक्यरचनेत. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘हे कलम अशा करारांना लागू होत…’ इथपर्यंत अर्थ अधांतरी, आणि नेमका इथेच हौशी वाचकाचा श्वास संपतो, आवाज खाली जातो, ‘नाही’ अर्धं गिळलं जातं. सबंध कायदा उलटा! छापील पानावर ‘नाही’ कधी दमून बारीक होत नाही, आवाजात होतं.

चूक सापडली की वाचक तेवढंच वाक्य पुन्हा वाचतो आणि ते जुन्यात बसवायचं असतं. हे काम रफूसारखं. सकाळचा आवाज संध्याकाळच्या आवाजाशेजारी ठिगळासारखा उठून दिसतो, म्हणून वेळ शक्यतो तीच, मायक्रोफोनचं अंतर तेच, पंखा बंद, शेजारचा कुकर गप्प असेल तेव्हाच. संगणकात आवाज म्हणजे दर सेकंदाला बहुधा 44,100 वेळा घेतलेली मापं. ती जोडली की वर-खाली हेलकावणारी रेघ दिसते. रेघ उंचावर असताना कापली तर सांध्यात ‘टक्’ असा आवाज येतो. म्हणून ती शून्यावरून जाते त्या क्षणी कापायची. आणि दोन वाक्यांमधली शांतता? तीसुद्धा मुद्रित करावी लागते! प्रत्येक खोलीला स्वतःची बारीक घरघर असते. तिथे संगणकाची कोरी शांतता ठेवली, तर यंत्र बंद पडलं की काय असं ऐकणाऱ्याला वाटतं.

एवढी मेहनत करायची, तर पुस्तक वाचून देण्याची परवानगीही हवी. भारतात 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने एक मोठं दार उघडलं. अपंग व्यक्तींसाठी, नफा न घेता, नवं पुस्तकही त्यांना वाचता येईल अशा रूपात आणायला परवानगी मिळाली. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या माराकेश कराराला 2014 मध्ये सगळ्यांच्या आधी मान्यता देणारा देशही भारतच.

ही पुस्तकं ऐकणाऱ्यांचे कान कसे असतात बघा. डोळस माणसाला दर सेकंदाला जेमतेम आठ ते दहा अक्षरं समजतात. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांना सरावाने सुमारे 22 अक्षरं समजून घेणारे दृष्टिहीन श्रोते आढळले, आणि ऐकताना त्यांच्या मेंदूचा, आपण पाहण्यासाठी वापरतो तो भागही कामाला लागलेला दिसला! परीक्षेच्या आदल्या रात्री असा विद्यार्थी प्रकरण दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतो. एक तृतीयांश सेकंदाचं ‘नाही’ तिप्पट वेगात एक नवमांश सेकंदाचं होतं. ते आधीच पुसट असेल, तर त्या कानालाही ते परत आणता येत नाही. म्हणून तपासणारा तिथे थांबतो, मागे जाऊन पुन्हा ऐकतो आणि वाचकाला कळवतो: 14 मिनिटं 32 सेकंद, शेवटचा शब्द पडला आहे, पूर्ण वाक्य परत वाचा.