गच्चीवरील सूर्य आणि घरचा जमाखर्च

कोणत्याही खर्चास हात घालण्यापूर्वी त्याची वसुली किती वर्षांत होईल, हे पाहण्याची व्यापारी कुटुंबांची जुनी रीत आहे. गच्चीवर सौरसंच बसविण्याचा निर्णयही याच रीतीने व्हावयास हवा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली. तिचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे असून तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची आहे. घरगुती ग्राहकास १ किलोवॉटसाठी ३०,०००, २ किलोवॉटसाठी ६०,००० आणि ३ किलोवॉट व त्यापुढील संचासाठी कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये मिळतात. खाली दुकान व वर घर असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हे अनुदान घराच्या मीटरला आहे, दुकानाच्या व्यापारी मीटरला नाही.

१ किलोवॉट संचास सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते आणि त्यातून दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते. उदाहरणादाखल, ३ किलोवॉट संचाचा खर्च १,८०,००० रुपये धरला, तर अनुदान वजा जाता घरचे १,०२,००० रुपये लागतील. बिलात दरमहा २,००० रुपयांची बचत झाली, तर ही रक्कम सव्वाचार वर्षांत वसूल होते. मात्र अनुदान संच कार्यान्वित झाल्यानंतर खात्यात जमा होते. तोवर पूर्ण रकमेची सोय करावी लागते.

अनेक घरांतील वीजबिल अद्याप दिवंगत आजोबांच्या नावावर असते आणि गच्ची भावाभावांत सामाईक असते. अर्जापूर्वी बिलावरील नाव बदलून घ्यावे व सर्व भावांची लेखी संमती घ्यावी. पुढे वाटणीच्या वेळी पॅनेल कोणाचे, हा वाद त्यामुळे टळतो.

संच मोठा घेतल्याने लाभ वाढतोच असे नाही. नेट मीटरमुळे दिवसाची जादा वीज बिलातून वळती होते. परंतु वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा दर आपल्या खरेदीदराहून बराच कमी असतो. म्हणून आधी वापर कमी करावा. जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. अशी बचत साधल्यावर वर्षभराची बारा बिले समोर ठेवून संचाची क्षमता ठरवावी.

बॅटरीविना संच वीजपुरवठा खंडित होताच बंद पडतो, कारण तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाची सुरक्षितता त्यात असते. पॅनेल धुणे व कालांतराने इन्व्हर्टर बदलणे, हे खर्चही आरंभीच वहीत मांडावेत. एवढे सारे मांडूनही हिशेब जमत असेल, तर तो व्यवहार घराच्या हिताचा आहे आणि कोळशाची तेवढी राखही वाचते.