बुटक्या मूर्ती, भुतं आणि गुप्तधन

नवग्रहांच्या यात्रेसाठी कुंभकोणमला मुक्काम करणारी मराठी मंडळी जवळच्या दारासुरमला हमखास जातात. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं तिथलं ऐरावतेश्वर मंदिर २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. रथासारखा मंडप, त्याची दगडी चाकं, घोडे यांचे फोटो सगळेच काढतात. मग कुणाची तरी नजर बुटक्या मूर्तींवर जाते. ढेरपोटी, आखूड पायांची, फुगऱ्या गालांची ही माणसं चोळांच्या मंदिरांत ठिकठिकाणी असतात, विशेषतः छज्ज्याखालच्या ओळीत. एक जण म्हणतो, ही भुतं. इंग्रजी गोष्टी वाचलेला दुसरा सांगतो, हे आपल्याकडचे नोम. तिसरा हळूच गुप्तधनाचा विषय काढतो. तिघंही चुकतात, पण तिसऱ्याच्या चुकीची किंमत मोठी आहे.

आधी नोमचा निकाल लावू. लांब दाढी, टोकदार टोपी आणि जमिनीखालच्या खजिन्याची राखण करणारा हा युरोपातला बुटका फार प्राचीन असेल असं वाटतं. खाणकामगारांच्या तशा समजुती जुन्या आहेतच, पण नोम हे नाव सोळाव्या शतकातलं आहे. पॅरासेल्सस या स्विस वैद्याच्या लिखाणात ते प्रथम आढळतं. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५६६ मध्ये छापला गेला. पाणी, वारा, अग्नी आणि पृथ्वी या प्रत्येक तत्त्वात राहणारे जीव त्याने कल्पिले आणि पृथ्वीतत्त्वात राहणाऱ्यांना हे नाव दिलं. आपण हवेतून चालतो तसे हे खडकातून चालतात, असं त्याचं म्हणणं. बागेत मांडायचे रंगीत पुतळे त्याहून खूप अलीकडचे. इंग्लंडमधल्या लॅम्पोर्ट हॉलच्या बागेत चार्ल्स आयशॅम यांनी १८४७ च्या सुमारास जर्मनीहून मागवून ते मांडले, तिथून त्या देशात त्यांची चाल पडली.

या नावाचा संबंध आपल्या 'ज्ञान' शब्दाशी जोडणारेही भेटतात. गोंधळ होतो तो इंग्रजीत याच अक्षरांचा आणखी एक शब्द असल्यामुळे. त्याचा अर्थ सुवचन. तो ग्रीकमधून आला आणि 'ज्ञा' धातूचा खरोखरच सोयरा आहे. सूर्यघड्याळातल्या शंकूचं ग्रीक नाव 'नोमॉन' हेही त्याच कुळातलं, कारण शंकू वेळ जाणवून देतो. पॅरासेल्ससच्या बुटक्याचं नाव मात्र वेगळं. 'भूमीत राहणारा' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने ते बनवलं असावं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तसा शब्द जुन्या ग्रीक लिखाणात सापडलेला नाही. कुंभकोणममध्ये नातं जोडायचंच असेल तर ते शंकूशी जोडावं. मंदिराची पूर्व दिशा शंकूच्या सावलीवरून ठरवायची रीत शिल्पग्रंथांत दिली आहे, आणि गावातल्या नागेश्वर मंदिरात तमिळ चित्तिरै महिन्यात, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस, तीन दिवस सकाळचं ऊन थेट गाभाऱ्यातल्या लिंगावर पडतं.

आता भुतं. मराठीत भूत म्हटलं की पिंपळ, अमावास्या आणि अतृप्त आत्मा आठवतो. छज्ज्याखालची मंडळी मेलेल्या माणसांची पिशाच्चं नव्हेत. ते शिवाचे गण आहेत, ज्यांच्यामुळे गणपती गणपती झाला आणि शंकर भूतनाथ. या ओळीला भूतमाला म्हणतात. तिच्यात मृदंग वाजवणारे, शंख फुंकणारे, एकमेकांना वेडावणारे भेटतात. मला तर देवळाच्या साऱ्या शिल्पांत हेच सर्वांत मोकळे वाटतात. देवमूर्तीची मुद्रा, आयुधं, आसन सगळं नेमून दिलेलं असतं. गणांच्या बाबतीत कारागिराला हात सैल सोडता येत असे आणि त्याने तो मनापासून सोडला आहे.

पण सैल हात म्हणजे बेहिशेबी हात नव्हे. 'मूर्तिकाराला प्रमाण जमलं नाही म्हणून ती बुटकी झाली' हा आणखी एक समज. मूर्तिशास्त्रात ताल नावाचं माप आहे, साधारण चेहऱ्याच्या लांबीएवढं. शिव-विष्णूंची मूर्ती दशताल, गणपती पंचताल, तर बुटके चतुस्ताल. म्हणजे डोकं अख्ख्या उंचीच्या जवळजवळ पाव भाग, आणि तेही ठरवून. हे माप आजही जिवंत पाहायचं तर कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला जावं. तिथले स्थपती पंचधातूच्या मूर्ती घडवताना नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापतात, तिला हिशेबाने घड्या घालतात आणि त्या घड्यांवरून कपाळ, नाक, छाती, गुडघा यांच्या जागा पक्क्या करतात. मग मेणात राळ आणि तेल मिसळून मूर्ती घडते, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचा लेप चढतो, भट्टीत मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात.

तिथे सर्वांत जास्त घडणाऱ्या मूर्तींपैकी एक नटराजाची. त्याच्या पायाखालचा बुटका म्हणजे अपस्मारपुरुष, तमिळमध्ये मुयलगन. शंकराने त्याला ठार मारलं असं बरेच जण सांगतात. मूर्ती तसं सांगत नाही. मुयलगन पालथा पडलेला असतो, पण बहुतेकदा मान वर करून बघत असतो, हातात नाग धरलेला. दारुकावनातल्या ऋषींनी त्याला शिवावर सोडलं आणि शिवाने त्याला पायाखाली दाबून धरलं, अशी कथा आहे. तो अज्ञानाचं रूप मानला जातो. त्याला दाबून ठेवलंय, संपवलेलं नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण अपस्मार हे आयुर्वेदात फेफऱ्याचंही नाव आहे आणि मुयलगन याचाही तमिळमध्ये तोच अर्थ होतो. तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवासीत संत संबंदरांनी या आजाराने पडलेल्या मुलीला बरं केल्याची कथा सांगतात, आणि तिथल्या नटराजाच्या पायाखाली मुयलगनाऐवजी नाग आहे. या साऱ्यावरून फिट येणाऱ्या माणसाला काहीतरी लागलंय, बाहेरचं झालंय असं मानणं सरळ अन्याय आहे. फेफरं हा मेंदूतल्या विद्युत संदेशांच्या बिघाडाचा आजार आहे आणि बहुतेक रुग्णांच्या फिट औषधांनी आटोक्यात राहतात. उंची कमी असलेल्या माणसांना या मूर्तींची नावं ठेवणंही तितकंच वाईट. गण हे कुणा माणसाचं व्यंगचित्र नाही.

महाराष्ट्रात हेच बुटके खांबांच्या माथ्यावर भेटतात, हात वर करून तुळई पेलणारे. त्यांना आपण कीचक म्हणतो आणि लगेच भीमाने मारलेल्या कीचकाची गोष्ट जोडतो. विराटाचा तो मेहुणा बलदंड सेनापती होता, त्याचा या भारवाहक यक्षांशी संबंध नाही. या घराण्याचा सर्वांत देखणा पूर्वज पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडला, इसवी सनापूर्वीचा. हा बुटका यक्ष चक्क हसतो आहे, आणि आपण सोनार कण्हदासाने घडवलेलो आहोत हे त्याच्या हातावर कोरलेलं आहे. सध्या तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

राहिला गुप्तधनाचा विषय. बुटक्या यक्षांचं धनाशी नातं आहे, हे खरं. कुबेर यक्षांचा राजा, आणि शंखनिधी व पद्मनिधी हे त्याचे दोन निधी बुटक्या माणसांच्या रूपात दाराच्या दोन बाजूंना कोरतात. दारासुरमच्या गोपुरातल्या कोनाड्यांखाली देवतांची नावं कोरली आहेत, त्यांत वैश्रवण म्हणजे कुबेर आणि पद्मनिधी दोन्ही आहेत. पण ही समृद्धीची मंगल चिन्हं आहेत. उंबरठ्यावरच्या लक्ष्मीच्या पावलांखाली कुणी खणत नाही. तरीही पडक्या देवळांत यक्षाची मूर्ती दिसली की 'इथे पुरलंय' म्हणत रात्री खड्डे घेणारे, मूर्ती उलथून फोडणारे आपल्याकडे आहेत. मांत्रिकाच्या नादाने माणसांचे बळी देण्यापर्यंत मजल गेलेली आहे. म्हणूनच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार घातलेले आहेत. त्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होतो. आणि खरोखरच जमिनीत काही सापडलं, तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही मिळालं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. रात्री देवळात कुदळींचा आवाज आला, तर वाट न बघता पोलिसांना ११२ वर फोन करावा.