कॉलेजचा वर्ग आणि हातातला मोबाईल



दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला बेळगावचा विद्यार्थी पी.यू.सी. आणि पुढे पदवीला जातो, तेव्हा शिकण्याची भाषाच बदलते. प्राध्यापक इंग्रजीतून भरभर पुढे जातात. कुवत असूनही केवळ शब्द अडल्यामुळे हुशार मुले मागच्या बाकावर गप्प बसतात. अशा वेळी मोबाईल मोठी मदत करू शकतो. मात्र तो वर्गाच्या जागी नव्हे, तर वर्गाच्या जोडीला वापरला पाहिजे.

अशी साधने आपल्या देशात आहेत. आय.आय.टी. संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटेल’ सुरू केले. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयं’ आले. तेथे व्याख्यानांच्या चित्रफिती, वाचनसाहित्य, चाचण्या आणि शंका विचारण्याची सोय आहे. शिकणे मोफत असते. प्रमाणपत्रासाठी मात्र शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमानुसार, एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयं’वरून घेण्याची मुभा विद्यापीठे देऊ शकतात.

याचा उपयोग असा करावा :

१) वर्गाआधी : उद्याच्या भागाची चित्रफीत दहा-पंधरा मिनिटे पाहावी. प्राध्यापकांना थांबवता येत नाही, चित्रफीत थांबवता येते. अडलेला शब्द वहीत लिहून त्यापुढे मराठी शब्द लिहावा. ‘फ्रिक्शन’ म्हणजे आपले ‘घर्षण’ आणि ‘डेन्सिटी’ म्हणजे ‘घनता’ हे कळले, की विषय ओळखीचा वाटू लागतो.

२) वर्गात : मोबाईल दप्तरात ठेवावा. आपले गणित नेमके कोणत्या पायरीवर चुकले, हे वही पाहून सांगणारे शिक्षक समोर असतात. प्रयोगशाळेतील हाताचा सरावही पडद्यावर मिळत नाही. आदल्या दिवशीची एक तरी शंका विचारावी. भाषा मोडकीतोडकी असली तरी चालेल.

३) वर्गानंतर : तीच चित्रफीत पुन्हा पाहण्यापेक्षा चाचणी सोडवावी. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के भाग आठवला. नुसते पाहून ‘समजले’ असे वाटते. ते टिकते आठवून पाहिल्याने.

पालकांनाही एक विनंती. घरात एकच फोन असेल, तर मुलांसाठी रोजची ठरावीक वेळ राखून ठेवावी. एनपीटेलच्या चित्रफिती उतरवून घेता येतात, म्हणजे पुन्हा पाहताना नेटचा खर्च होत नाही. आणि मुलांना रोज एक प्रश्न अवश्य विचारावा : “आज वर्गात काय विचारलंस?”