पानावरील अदृश्य चिठ्ठी

ग्रंथालयात हवे ते पुस्तक सापडते, ते तालिकेमुळे. एखाद्या ग्रंथाचा विषय ‘महाराष्ट्रातील उसावरील रोगांचे निवारण’ असा असेल, तर पीक, रोग, उपाय आणि स्थळ असे त्याचे पैलू वेगळे करून त्याची नोंद करावी, ही दृष्टी डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्रास दिली. १९६२ साली बेंगळूर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाले. तालिकेतील नोंदीवर वाचक विश्वास ठेवतो, कारण ती करणारा तालिकाकार त्या ग्रंथाचा लेखकही नसतो आणि विक्रेताही नसतो.

महाजालावरील पानांनाही अशा चिठ्ठ्या जोडता येतात. त्यांस ‘मेटा टॅग’ म्हणतात. पानाच्या संकेतलिपीच्या शिरोभागी त्या लिहिलेल्या असतात. वाचकास त्या दिसत नाहीत, परंतु यंत्रास दिसतात. त्यायोगे शोधयंत्राच्या यादीत पानाचा क्रम वर जातो काय, हा प्रश्न पुष्कळांना पडतो.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात काही शोधयंत्रे चिठ्ठीतील विषयशब्द विचारात घेत असत. परंतु येथे चिठ्ठी लिहिणारा स्वतः पानाचा धनीच होता. पानात ज्याचा मागमूसही नाही असे लोकप्रिय शब्द चिठ्ठीत भरण्याचा मोह अनेकांस आवरला नाही, आणि चिठ्ठीची पत गेली. १९९८ साली ब्रिन व पेज यांनी निराळी पद्धत मांडली : इतर पाने ज्या पानाकडे निर्देश करतात, त्या निर्देशांवरून त्याचे महत्त्व जोखावे. म्हणजे साक्ष स्वतःची नव्हे, इतरांची. पुढे सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने जाहीर केले की, क्रम लावताना विषयशब्दांची चिठ्ठी आपण मुळीच विचारात घेत नाही.

म्हणून सर्वच चिठ्ठ्या व्यर्थ होत, असे मात्र नव्हे. पानाचा सारांश सांगणारी चिठ्ठी क्रम वाढवीत नाही. पण यादीत शीर्षकाखाली पुष्कळदा तोच सारांश दिसतो, आणि तो वाचून वाचक पान उघडावे की नाही हे ठरवितो. ‘या पानाची नोंद करू नये’ असे सांगणारी चिठ्ठी तर फारच प्रभावी होय. ती अनवधानाने राहून गेली, तर चांगले पानही यादीतून नाहीसे होते.

मराठी पानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेले पान डोळ्यांना देवनागरी दिसते. यंत्राच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची अर्थहीन जुळणी असते. अशा पानास कितीही विषयशब्द जोडले, तरी मराठी शब्दाने शोधणाऱ्यास ते सापडणे कठीण.

तेव्हा विषयशब्दांच्या चिठ्ठ्या विकणाऱ्यास एखाद्या शाळेने वा वाचनालयाने पैसे मोजण्याचे कारण नाही. युनिकोडमधील मजकूर, नेमके शीर्षक आणि प्रामाणिक सारांश यांवर तेच श्रम खर्च करावेत.