मिठाचे रण : बल्लारपूरच्या प्रवाशासाठी कच्छची ओळख

वर्धा नदीकाठचे बल्लारपूर हे गोंड राजांचे जुने ठाणे. साग, बांबू, कोळसा आणि कागद ही त्याची ओळख. भोवताली दाट वनराई असल्याने, क्षितिजापर्यंत एकही झाड नसलेली भूमी कशी असते याची कल्पना येथील रहिवाशास सहजी येत नाही. तथापि अशा एका भूमीशी या गावाचा निकटचा संबंध आहे. बांबूचा लगदा शिजविण्यास लागणारा कॉस्टिक सोडा मिठाच्या द्रावणातून वीजप्रवाह सोडून तयार होतो. देशातील तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत पिकते आणि त्यातील मोठा वाटा कच्छच्या छोट्या रणातून येतो. घरोघरच्या ताटातील चिमूटभर मिठाचा मागही अनेकदा तेथवरच पोहोचतो.

रण कसे घडले?

कच्छचे रण म्हणजे वाळूचे वाळवंट नव्हे. हा एके काळी अरबी समुद्राचा उथळ फाटा होता. नद्यांनी आणलेल्या गाळाने तो भरत गेला आणि भूकंपांनी जमिनीची पातळी बदलत गेली. १८१९च्या भूकंपात मोठ्या रणाच्या उत्तरेस जमीन उचलली जाऊन लांबच लांब बांध तयार झाला. लोकांनी त्यास ‘अल्लाह बंद’ असे नाव दिले. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी आणि वाऱ्याने लोटलेले समुद्राचे खारे पाणी रणात पसरते. पावसाळा सरला की ते आटते आणि चिखलावर मिठाचा पांढरा पापुद्रा उरतो. मधली उंच स्थळे ‘बेट’ म्हणून ओळखली जातात. २०२१ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरलेले हडप्पाकालीन धोलावीरा अशाच खदीर बेटावर आहे.

पांढऱ्या भूमीतील श्रम

छोट्या रणात मीठ पिकविणाऱ्यांना ‘अगरिया’ म्हणतात. कोकणातील मिठागरे आणि आगरी समाज ज्यांना परिचित आहेत, त्यांना या शब्दातील ‘आगर’ लगेच ओळखू येईल. मात्र कोकणात भरतीचे पाणी वाफ्यांत घेतात, तर येथे विहीर खणून जमिनीखालचे खारे पाणी उपसावे लागते. हे पाणी समुद्राच्या पाण्याहून कितीतरी अधिक खारट असते. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत उन्हाने दाट केले जाते. प्रथम चुन्याचे क्षार आणि जिप्सम खाली बसतात, नंतर मिठाचे स्फटिक धरतात. मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात. ते पाणी वेळीच काढून टाकले नाही तर मीठ कडवट होते व लवकर ओलावते.

पाऊस ओसरल्यावर अगरिया कुटुंबे मुलाबाळांसह रणात उतरतात आणि उन्हाळा संपेपर्यंत झोपड्यांतून राहतात. पिण्याचे पाणी टँकरने येते. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभे राहिल्याने पायांची त्वचा कडक होते, भेगाळते. पूर्वी पंपाच्या डिझेलवर कमाईचा मोठा भाग खर्च होई. अलीकडे सौर पंपांमुळे अनेकांचा हा भार हलका झाला आहे. तरीही एका अवकाळी पावसाने महिन्यांचे काम विरघळून जाते. पिढ्यान्‌पिढ्या राबूनही बहुतेकांच्या नावे त्या जमिनीचा उतारा नाही.

याच भूमीत रानगाढवांचे अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटर आहे. २०२४च्या गणनेत गुजरातमध्ये ७,६७२ रानगाढवे आढळली. मिठागरे आणि वन्यजीव यांचा मेळ घालण्याचे अवघड काम तेथे चालू आहे. ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही.

प्रवाशांसाठी

चेन्नई–अहमदाबाद नवजीवन एक्सप्रेस बल्लारशाह स्थानकावरून जाते. अहमदाबादपर्यंतचे अंतर सुमारे एक हजार किलोमीटर आहे. तेथून पश्चिमेस पाटडी, खाराघोडा, ध्रांगध्रा या गावांजवळ छोटे रण लागते. मोठ्या रणासाठी भूजमार्गे धोर्डो गाठावे. तेथील रणोत्सव २००५ पासून लोकप्रिय झाला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. पांढऱ्या रणासाठी परवाना आणि अभयारण्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. पापुद्र्याखालचा चिखल फसवा असल्याने स्थानिक वाटाड्याविना वाहन आत नेऊ नये. दुपारी मृगजळ दिसते, रात्री थंडी झोंबते. पुरेसे पाणी व उबदार कपडे बरोबर असावेत.

पौर्णिमेच्या चांदण्यातील रण डोळ्यांचे पारणे फेडते, यात शंका नाही. परंतु ज्यांच्या पायांवर त्या मिठाच्या खुणा उमटलेल्या असतात, त्यांच्या वाफ्यावर घटकाभर थांबल्याखेरीज ही सहल पुरी होत नाही. वाफ्याचा बांध न तुडवता, मोलाचे पिण्याचे पाणी वाया न घालवता आणि कचरा मागे न टाकता परतणे, एवढे तर प्रत्येक प्रवाशाच्या हाती आहेच.