जिवाणूंना हवा हवी आणि वेळही

पूर्णगडच्या एका वाचकाने विचारलं आहे : लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी जिवाणू सोडून स्वच्छ होईल का? तशा पुड्या बाजारात मिळतात. उत्तर ‘हो’ आहे, पण पुडीच्या भरवशावर नाही.

फिनॉलसारखं विषही काही जिवाणू खातात. अवघड असतं ते बेंझिनचं षट्कोनी कडं फोडणं. फिनॉलचं जिवाणू आधी कॅटेकॉल करतात; त्याचं कडं फुटताना त्यात शिरणारे ऑक्सिजनचे दोन्ही अणू हवेतून येतात, पाण्यातून नव्हे, हे ओसामू हायाइशी या जपानी जीवरसायनशास्त्रज्ञाने १९५५ साली दाखवलं. म्हणून एअरेशन टँकमध्ये हवा सोडणारे ब्लोअर बंद पडले की हे कामही थांबतं.

हवेइतकाच महत्त्वाचा वेळ. मँचेस्टरच्या अर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी बाटल्यांमधल्या मैलापाण्यात हवा सोडली, तेव्हा पूर्ण शुद्धीकरणाला पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचं पाणी काढलं, तळाचा जिवाणूंनी भरलेला गाळ ठेवला आणि नवं पाणी ओतलं. असं पुनःपुन्हा केल्यावर तेच काम एका दिवसात होऊ लागलं! विरजण राखावं तसा त्यांनी गाळ राखला होता. १९१४ सालची ही युक्ती आज जगभरच्या प्रकल्पांत चालते. तिला प्रेरणा देणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. आपल्याकडे हे नाव किती कमी जणांना ठाऊक आहे!

रासायनिक सांडपाण्यात मात्र त्या त्या रसायनाला सरावलेला गाळ घडायला आठवडे लागतात आणि आम्लाच्या किंवा क्षारांच्या एका लोंढ्याने तो मरू शकतो. पुडीतले पाहुणे जिवाणू तिथे टिकतीलच असं नाही. शिवाय काही रसायनं जिवाणूंना पचतच नाहीत. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (जिवाणूंना पचणाऱ्या घाणीचं माप) उतरला आणि सीओडी (रसायनांनी जाळता येणाऱ्या एकूण घाणीचं माप) लिटरला २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेवरच राहिला, तर ती तशीच वाहून चालली आहेत असं समजावं. त्यांचा बंदोबस्त कारखान्यातच व्हायला हवा.

लोट्याच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाला येणारं सांडपाणी झेपत नाही, असं पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीने २०११ मध्येच नोंदवलं होतं. उरलेलं काम नदी करील, ही आशा कोकणात फोल आहे. दाभोळच्या खाडीला मिळणारी वाशिष्ठी काय किंवा तुमच्या पूर्णगडची मुचकुंदी काय, सह्याद्रीतून निघून थोडक्या अंतरात समुद्र गाठतात. नदीला जो वेळ मिळत नाही, तो टाकीतच द्यावा लागतो. म्हणून पुडी कुठली वापरता, हे विचारू नका. पाणी टाकीत किती तास थांबतं आणि ब्लोअर रात्रीही चालतात का, हे विचारा. आकडे मागा. तो तुमचा हक्क आहे.