गाय पान्हा चोरते, की काही सांगते?

आम्ही घाटकोपरच्या बचत गटांचं काम बघतो. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं, पण गटातल्या कितीतरी जणींचं माहेर-सासर सातारा, सांगली, रत्नागिरीकडचं. गावी गेलं की गोठ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ही फार पान्हा चोरते." मग कुणी तिचे पाय बांधतं, कुणी काठी उचलतं, कुणी इंजेक्शन आणतं. गटाच्या कर्जातून घेतलेली म्हैस असेल तर हप्त्याची चिंता वेगळीच. शेवटी लाथाळ म्हणून चांगल्या जनावराला बाजार दाखवला जातो. म्हणून आज या चोरीबद्दल बोलू.

गायीच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध खाली सडाजवळ साठलेलं असतं. बाकीचं वर बारीक बारीक पिशव्यांत असतं. म्हशीचं तर जवळजवळ सगळंच वर. वासरानं ढुसण्या दिल्या, सडाला हात लागला, आंबोणाची बादली वाजली की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा द्रव रक्तात सुटतो आणि वरचं दूध खाली उतरतं. हाच पान्हा. बाळंतिणीलाही पान्हा याच द्रवानं फुटतो. गायीला मिनिटभर लागतं, म्हशीला जास्त. पान्हा टिकतो थोडीच मिनिटं, म्हणून धार मध्येच सोडायची नाही.

जनावर घाबरलं, त्याला मार बसला, की याच्या उलट घडतं. भीतीचा द्रव पान्हा अडवतो. ती मुद्दाम काही चोरत नाही. काठीनं दूध वाढत नाही, उलट आटतं.

आमच्या मुंबईत हा प्रश्न जुना आहे. शहरातल्या दाटीतल्या तबेल्यांमधून म्हशी बाहेर हलवायच्या म्हणून 1949 साली गोरेगावला आरे दूध वसाहत सुरू झाली. तबेल्यात रेडकू जगलं नाही की म्हैस पान्हवत नाही, आणि तिथंच इंजेक्शनची सवय लागते. पण दुधासाठी जनावराच्या तब्येतीला घातक असं इंजेक्शन टोचणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 प्रमाणे गुन्हा आहे. हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मग करायचं काय? आधी तिचं ऐकायचं. कान सैल, डोळे शांत, रवंथ चालू, म्हणजे तिची हरकत नाही. कान मागे गेले, अंग आखडलं, शेपूट जोरात आपटू लागली, ती बाजूला सरकली, म्हणजे ती "थांब" म्हणते. तेव्हा खरंच थांबायचं. थांबलं की तिला कळतं, आपलं ऐकलं जातं. मग लाथ मारायची वेळ तिच्यावर येत नाही.

पहिलारू कालवड किंवा रेडी असेल तर विण्याच्या दोन महिने आधीपासून सुरुवात करा. रोज एकाच वेळी, एकाच बाईनं जावं. नेमकं पाठीमागचं तिला दिसत नाही, म्हणून बाजूनं, नाव घेत जावं. आधी मान खाजवावी, मग पाठ, पोट. काही दिवसांनी कासेवरून हलका हात फिरवावा. सड मात्र पिळायचे नाहीत. ती शांत उभी राहिली की मूठभर पेंड द्यावी. बिचकली तर कालच्या पायरीवर यावं. व्यायल्यावर तोच हात, तीच हाक, तीच वेळ ठेवावी.

रोज शांत असणारी अचानक लाथ झाडू लागली, तर तिला काठी नको, तिची तपासणी करा. सडाला चीर असेल, किंवा कासदाह, म्हणजे आपण दगडी म्हणतो ते दुखणं असेल. कास गरम, कडक आहे का, दुधात गाठी आहेत का बघा. तसं असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. उशीर झाला तर तो सड कायमचा जातो. लाथ म्हणजे तिनं धाडलेला निरोप असतो.

इंग्लंडमध्ये दोन शास्त्रज्ञांनी 516 दूध उत्पादकांना विचारून 2009 साली एक अभ्यास छापला. जिथं गायींना नावानं हाक मारत, तिथं एका गायीमागे वर्षाला 258 लिटर दूध जास्त निघालं. नुसत्या नावानं दूध वाढत नाही. पण जी बाई कपिला, हरणी, चंद्री अशी हाक मारते, ती त्या जनावराकडे बघतेही. दुधाचा फरक त्या बघण्यानं पडतो.

आता गटाच्या पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करा. आठ दिवस धार काढताना तिचे कान आणि शेपूट बघा, दूध मोजा, वहीत लिहा. बैठकीत पैशांचा हिशेब झाला की ही वहीही उघडा. कुणाची गाय काय म्हणाली, ते एकमेकींना सांगा.